मदत हवी आहे: कलाशिक्षिका आहे, आर्ट थेरपीकडे वळायचंय. क्लिनिकल अनुभव कुठून आणायचा?

रंगपेटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचक होते. आज लिहायला बसले, कारण आता विचारायला आसपास कोणी उरलं नाही.

माहेर मिरज. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा, ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका), मग जी.डी. आर्ट (कलेतली पदविका). नोकरी लागल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. पुण्यातल्या एका शाळेत अकरा वर्षं चित्रकला शिकवतेय. वय ३८, लेक सहावीत, घराचे हप्ते चालू. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं, म्हणजे 'सरळ लंडनला जा' असं कोणी सुचवणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आर्ट थेरपीचा, म्हणजे चित्रकलेच्या मदतीने मनावर उपचार करण्याचा, एक सर्टिफिकेट कोर्स केला. सहा शनिवार-रविवार, पस्तीस हजार रुपये. नाव लिहीत नाही. मंडल (गोलाकार नक्ष्या) काढले, मुखवटे केले, एकमेकींची चित्रं बघून रडलो, शेवटच्या दिवशी ग्रुप फोटो. एकही रुग्ण समोर आला नाही. तेव्हा ते खटकलं नाही. खरं सांगायचं तर मजा आली होती. प्रमाणपत्रावर मात्र 'आर्ट थेरपी प्रॅक्टिशनर' असं ठसठशीत छापलंय.

त्या कागदाच्या जोरावर गेल्या जूनपासून दर शनिवारी एका डे-केअर केंद्रात जाते. मानसिक आजारातून सावरणारी मोठी माणसं असतात. मानधन नाही, मी मागितलंही नाही. तिथे एक काका आहेत, पूर्वी एस.टी.त कंडक्टर होते. निदान स्किझोफ्रेनिया. ते दर शनिवारी तिकिटं काढायचे. म्हणजे पेन्सिल आणि पट्टीने छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात आकडे, आणि कोपऱ्यात टोकाने भोक पाडायचं. एका कागदावर साठ-सत्तर तिकिटं. मला वाटलं, माणूस अडकून पडलाय, जरा मोकळा करूया. शाळेत करते तेच केलं. कागद ओला केला, जलरंगाची बशी पुढे ठेवली, म्हटलं, 'काका, आज रेषा नको, रंग सोडा, वाहू द्या.'

त्यांनी निळा सोडला. तो पसरला, कागदाच्या काठावरून टेबलावर आला. काका उठले, बेसिनवर जाऊन हात धुवायला लागले, धुतच राहिले. मग चकरा मारायला लागले आणि चपला न घालता फाटकाबाहेर. केंद्रातल्या दादांनी गाठून रिक्षाने घरी सोडलं. त्यानंतर तीन आठवडे आलेच नाहीत.

मला कोणी रागावलं नाही. त्याचाच जास्त त्रास होतोय. काय झालं ते मला कळलं नाही, आणि कुणापुढे ते चित्र ठेवून 'हे बघा, असं झालं' म्हणावं असं माणूसही नाही.

तर विचारायचंय ते असं. माझ्यासारख्या चित्रकलेकडून आलेल्या बाईने क्लिनिकल बाजू कशी भक्कम करावी? घरबसल्या दूरस्थ पद्धतीने एम.ए. सायकॉलॉजी करायचा विचार आहे, तो बरा का? की एक्स्प्रेसिव्ह आर्ट्सचा (चित्र, नाच, नाट्य अशा कलांतून उपचार) अजून एखादा डिप्लोमा? तुमच्यापैकी जे या क्षेत्रात शिकले, ते आधी कोण होते आणि रुग्णांबरोबरचा अनुभव त्यांना कुठे मिळाला?

चहाटळ

चित्रं काढून स्किझोफ्रेनिया बरा होतो याला काही पुरावा आहे का? खवचटपणे विचारत नाहीये. (थोडं खवचटपणे.)

ठाणे_लोकल

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, बरीच वर्षं सरकारी मनोरुग्णालयात काढली.

रंगपेटीताई, पहिलं काम: धागा संपादित करा. केंद्राचं नाव नाही दिलंत हे छान, पण नोकरी, निदान, चित्राचा विषय आणि शहर एकत्र आलं की ओळखणारा ओळखतो. निदान इथून पुढे तरी तपशील फिरवून लिहा. आम्हाला हे पहिल्याच महिन्यात, आणि ओरडा खाऊन, शिकावं लागतं.

आता ओला कागद. साधनांचा स्वभाव असतो, हे चित्रकार म्हणून तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पेन्सिल, पट्टी, कात्रणं ही ताब्यात राहतात. पातळ रंग, ओला शाडू, हाताने फासायचे रंग हातातून निसटतात. केगिन आणि लुसेब्रिंक या दोघींनी १९७८ मध्ये आर्ट थेरपीची जी चौकट मांडली, तिच्यात हा विचार मुरलेला आहे. कोणापुढे कुठलं साधन आणि कधी, हा तिथे उपचाराचा भाग आहे. तुमच्या सहावीतल्या मुलाला रंग वाहिला तर गंमत वाटते. ज्याला आपले विचार कुठे संपतात आणि बाहेरचं जग कुठे सुरू होतं याचाच भरवसा नाही, त्याला काठ सोडून येणारा रंग भिववू शकतो. तुम्हाला ती तिकिटं म्हणजे अडकणं वाटलं. कदाचित तोच त्यांचा कठडा असेल.

पण थांबा. हेच झालं असं मी इथे बसून म्हणणार नाही. त्या आठवड्यात औषध बदललं होतं का? डोस वाढला होता का? अँटीसायकॉटिक, म्हणजे भास-भ्रमांवरच्या, औषधांनी काहींच्या पायात अशी चळवळ सुटते की एका जागी बसवत नाही, त्याला अकॅथिशिया म्हणतात. ते असेल तर तुमचा निळा रंग निर्दोष आहे आणि डॉक्टरांना कळवायला हवं होतं. रात्री झोप झाली होती का? घरी काही घडलं होतं का? हे प्रश्न त्याच दिवशी, त्याच तासाला सुचणं यालाच क्लिनिकल ट्रेनिंग म्हणतात. ते पुस्तकातून येत नाही. वॉर्डात कोणाच्या तरी मागे फिरून, शंभर वेळा चुकीचं बोलून येतं.

आणि एक वाईट बातमी. दूरस्थ एम.ए.चा बेत सोडा. यू.जी.सी.ने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सायकॉलॉजीचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद करायला सांगितलंय. कारण २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा (आरोग्यसेवेतल्या पूरक व्यवसायांचा) कायदा, त्यात येणारे विषय घरबसल्या शिकवायचे नाहीत. त्याच कायद्याच्या परिशिष्टात 'मूव्हमेंट थेरपिस्ट' अशी नोंद आहे आणि तिच्या कंसात आर्ट थेरपिस्टही आहेत. म्हणजे तुमच्या व्यवसायाचं नाव कायद्यात आलंय, जरा सांदीकोपऱ्यात का होईना. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आर.सी.आय.कडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) होते, ती वेगळी. एम.ए. झालं म्हणजे ती मिळते असा गैरसमज फार पसरलाय. मिळत नाही.

चहाटळ, प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये ४१७ स्किझोफ्रेनिया रुग्णांवर मॅटिस नावाची चाचणी झाली, २०१२ मध्ये बी.एम.जे. या वैद्यकीय नियतकालिकात आली. नेहमीच्या उपचारांना गटातल्या आर्ट थेरपीची जोड दिली, तरी दोन वर्षांनी लक्षणांत आणि एकूण कामकाजात फरक दिसला नाही. अर्थात बरेच जण सत्रांना फारसे आलेच नव्हते, त्यावर अजून वाद चालतो. मी औषधाच्या जागी चित्र कधीच सुचवणार नाही. पण जो माणूस आठ महिने माझ्याशी अक्षर बोलला नाही, तो पाटीवर बैल काढून मला दाखवायला आला, हेही मी पाहिलंय. तुमच्या पुराव्याच्या वहीत ते बसणार नाही, ठाऊक आहे.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. मूळची कोल्हापूरची, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाची बी.एफ.ए. इथे येऊन आर्ट थेरपीत मास्टर्स केलं. रंगपेटी, तुझी पोस्ट वाचताना पोटात खड्डा पडला. मीही एकदा एका रुग्णापुढे अशीच ओली माती ठेवली होती. (अगं-तुगं करतेय, चालेल ना? वयाने मोठी आहे.)

आमच्या वर्गात सरळ दोन तट होते. निम्म्या आम्ही पेंटर, निम्म्या सायकॉलॉजीच्या. प्रवेशासाठी स्टुडिओ आर्टचे १८ क्रेडिट्स लागायचे आणि सायकॉलॉजीचे १२. ज्याचे कमी पडतील त्याने आधी ते पुरे करायचे. मी कम्युनिटी कॉलेजात अठरा वर्षांच्या पोरांबरोबर बसून ॲबनॉर्मल सायकॉलॉजी केलं. सायकॉलॉजीवाल्या मैत्रिणी फिगर ड्रॉइंगला रडकुंडीला यायच्या.

पुढे मग तास. १०० तास प्रॅक्टिकम (सुरुवातीचा प्रत्यक्ष सराव), ६०० तास इंटर्नशिप, सगळे देखरेखीखाली. पदवीनंतर नोंदणीसाठी रुग्णांबरोबरचे आणखी १००० तास. मी हे तास एका वृद्धाश्रमात आणि एका मनोरुग्णालयात भरले. रुग्णालयात पहिल्या दिवशी सुपरवायझरने काय शिकवलं असेल? मोजायला. सत्राआधी कात्र्या मोजायच्या, नंतर मोजायच्या, आकडा वहीत. शार्पनर वॉर्डात न्यायचंच नाही, त्यातलं पातं निघतं. काचेची बाटली नाही, स्टेपलर नाही. जे.जे.त आम्ही टर्पेंटाइनच्या वासात जेवायचो, इथे प्रत्येक बाटलीवर 'विषारी नाही' हे शोधत बसायचं. एकदा एक कात्री कमी भरली. चाळीस मिनिटं दार बंद, कोणीही बाहेर नाही. सापडली ती माझ्याच ॲप्रनच्या खिशात.

तू विचारलंस की कोण कुठून आलं. चित्रकाराची खोड अशी की चित्र चांगलं व्हावं असं वाटतं. मी कितीदा हात पुढे करून 'इथे जरा गडद करा' म्हणायच्या बेतात असायचे! माझ्या सुपरवायझरने मला दोन आठवडे हात मांडीखाली घेऊन बसायला लावलं होतं, शब्दशः. सायकॉलॉजीवाल्यांची खोड उलटी. झाड काढलं, खोडाला ढोली दिसली, की लगेच म्हणायचं, मनावर आघात झालाय. घर-झाड-माणूस ही चित्रं काढायला लावून मन जोखायची चाचणी १९४८ पासून आहे, पण एका चित्रावरून निदान करायचं नसतं, हे त्यांच्या गळी उतरवायला सरांना अख्खं सत्र लागलं.

आणि सुपरव्हिजन. दर आठवड्याला चित्रं घेऊन बसायचं आणि काय झालं ते सांगायचं. नेमकं तेच तुझ्याकडे नाही. डिप्लोमा आणखी दहा कर, जोवर ते नाही तोवर तू एकटीच.

उलटी_बाजू

मी उलट्या दिशेने आलेय. एम.ए. सायकॉलॉजी रेग्युलर, दोन वर्षं समुपदेशन, मग एक्स्प्रेसिव्ह आर्ट्सचा डिप्लोमा. सहाव्या सत्रात एका काकूंनी विचारलं, 'बाई, हिरव्यात काय घातलं की चिंचेच्या पानासारखा होईल?' मला येईना. त्यांनी ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. तेव्हा ए.टी.डी.ला कमी लेखू नका. तुमच्या हातात जे आहे ते मी अजून क्लासला जाऊन शिकतेय, रविवारी सकाळी, दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर.

पावसाळी

ब्रिटनमधून दोन ओळी. इथे 'आर्ट थेरपिस्ट' ही संरक्षित उपाधी आहे. एच.सी.पी.सी. या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक संस्थेकडे नोंदणी नसताना ती लावली तर गुन्हा. शिकताना स्वतःची थेरपीही घ्यावी लागते, पदरचे पैसे घालून. सहा वीकेंडांत 'प्रॅक्टिशनर' हे वाचून चहा सांडला.

अवांतर: रंगपेटी मिरजेच्या म्हणून आठवलं. 'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ मध्ये एड्रियन हिल या चित्रकाराने रुजवला. १९३८ मध्ये क्षयाने सॅनेटोरियममध्ये पडून होता, तिथे स्वतःसाठी चित्रं काढता काढता शेजारच्या खाटांवरच्यांना शिकवायला लागला. म्हणजे या सगळ्याची सुरुवात तुमच्या मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षयरुग्णालयासारख्याच एका जागी झाली म्हणा ना. आणि गडी चित्रकार होता, डॉक्टर नव्हे.

रंगपेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. हडसनकाठताई, अगं-तुगं चालेल, आवडेल.

ठाणे_लोकल, बरोबर आहे तुमचं. दोन तपशील बदललेत, आता ओळख पटणार नाही. ('तिकिटं' तशीच ठेवलीत, नाहीतर धाग्याला अर्थ उरत नाही.) औषधाचं विचारलं. डोस खरंच दहा दिवस आधी वाढवला होता. केंद्रातल्या ताईंनी डॉक्टरांना कळवलंय. नक्की कशामुळे झालं ते अजून कोणी सांगितलेलं नाही आणि मीही आता अंदाज बांधत नाहीये.

दूरस्थ एम.ए. रद्द. नियमित एम.ए.साठी शाळेत बिनपगारी रजेचं विचारलं, मुख्याध्यापिका हो-नाही काहीच म्हणाल्या नाहीत. तोवर एक झालंय. केंद्रात दर पंधरा दिवसांनी एक सायकॉलॉजिस्ट येतात. त्यांना म्हटलं, मला वीस मिनिटं द्या, मी चित्रं घेऊन बसते. त्या म्हणाल्या, अर्धा तास घ्या, पण आधी ते 'प्रॅक्टिशनर' काढा. बोर्डावर आता 'चित्रकला: शनिवार ११ ते १२' एवढंच आहे.

काका परवा आले. मी पट्टी, पेन्सिल आणि चौकटीचा कागद ठेवला होता. त्यांनी एकोणीस तिकिटं काढली. एक मला दिलं, आणि सुट्टे मागितले.

एक विचारायचं राहिलं. कात्र्या मोजते आता. पण शार्पनर न्यायचं नाही, तर पेन्सिलींना टोक कसं करायचं? ते काका दर पाच मिनिटांनी मोडतात.

हडसनकाठ

आदल्या रात्री घरी करून न्यायचं. डझनभर जास्तीच्या. मी अजूनही टी.व्ही.समोर बसून करते, नवरा भाजी निवडतो आणि मी टोकं काढते. आणि सुट्टे दिलेस की नाही ते सांग.