फोनिओची कचकच आणि गुठळ्या

फोनिओ म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं बारीक दाण्याचं भरडधान्य. उकळत्या दुधात टाकून केलेल्या त्याच्या पेजेत गुठळ्या होतात आणि दाताखाली कचकच लागते, अशी एक तक्रार आहे. कचकच म्हणजे वाळू. सेनेगल, माली, गिनीत मळणी बहुधा जमिनीवरच होते आणि दाणा जेमतेम राजगिऱ्याएवढा, त्यामुळे चाळून वाळू सुटत नाही. तिथल्या बायका भोपळ्याच्या भांड्यात पाणी घालून तो गोल हलवतात, वर आलेला दाणा दुसऱ्या भांड्यात ओततात, वाळू तळाशी राहते. थोडक्यात, रोळून घ्या. (टरफल काढणं त्याहून जिकिरीचं. सेनेगलचे सानूसी दियाकिते यांना त्यासाठीच्या यंत्राबद्दल १९९६ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही.)

गुठळ्यांवर उपाय सोपा: उकळत्या दुधात टाकूच नका. वाटीभर फोनिओ चार वाट्या गार पाण्यात कालवा, मग गॅस लावा, सतत ढवळा. उकळीनंतर पाचेक मिनिटं पुरतात. दूध शेवटी. मालीत वाफवलेल्या फोनिओत शेंगदाणे कुटून घालतात; पेजेतही कूट झकास लागतं, मध-दालचिनीपेक्षा मला तेच आवडतं. पाकीट आधीच वाफवलेल्या फोनिओचं असेल तर पाणी आणि वेळ दोन्ही कमी करा.