दापोली ते गणपतीपुळे, आईसोबत निवांत: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जानेवारीत आईला घेऊन पाच दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने जायचंय. आधी मुरुड-कर्दे, मग दाभोळला गाडी फेरीबोटीत घालून धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी; पुढे तवसाळहून जयगड आणि गणपतीपुळे. धावपळ अजिबात नको. आईचे गुडघे दुखतात. संध्याकाळी ओल्या वाळूत पाय पसरून बसायचं, लाट पायाशी येऊ द्यायची, एवढंच तिला हवंय.

हेदवीची बामणघळ (किनाऱ्यावरच्या खडकातली अरुंद घळ, जिच्यात लाटेचं पाणी उंच उसळतं) भरतीलाच बघावी, पण तिथल्या खडकांवरून तिला चालणं जमेल का? दोन रात्री गुहागरला काढू की वेळणेश्वरला? आणि समुद्राजवळ, पायऱ्या नसलेलं, घरगुती जेवण देणारं घर कुणाच्या माहितीत असेल तर नक्की सांगा. उकडीचे मोदक मिळाले तर आई फारच खूश होईल.