काका बॅप्टिस्टांना एका घोषणेपुरतं ठेवू नका

माझगावकर
17 मार्चला काकांची जयंती झाली आणि तोच जुना मजकूर पुन्हा फिरायला लागला. काल तो इथेही आला: "स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क हे वाक्य टिळकांचं नाहीच. ते माझगावच्या कॅथलिक बॅरिस्टरचं, काका बॅप्टिस्टांचं. ख्रिस्ती म्हणून महाराष्ट्राने त्यांना पुसून टाकलं." वाक्य कोणाचं, एवढ्याच भांडणात 66 वर्षांचं आयुष्य गाडलं जातं. म्हणून सविस्तर लिहितोय.

जन्म 1864, माथारपाखाडी. आधी पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, मग जंगलखात्याची नोकरी. ती सोडून केंब्रिजला कायदा. परत आल्यावर वकिली आणि मुंबईची कॉर्पोरेशन. एप्रिल 1916 मध्ये बेळगावला होमरूल लीग, म्हणजे स्वराज्य मागणारी संघटना, निघाली तेव्हा अध्यक्ष बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर, आणि टिळकांकडे एकही पद नाही. 1917 मध्ये लीगची बाजू मांडायला ते इंग्लंडला गेले आणि मजूर पक्षाच्या लोकांशी संधान बांधलं. 1920 मध्ये आयटक ही देशपातळीवरची कामगार संघटना निघाली, त्यात उपाध्यक्ष. 1925-26 ला मुंबईचे महापौर. यातलं एकही त्या मजकुरात नाही.

कलम 124अ
एक दुरुस्ती. 1925-26 ला ते 'महापौर' नव्हते, कॉर्पोरेशनचे अध्यक्ष होते. महापौर हे नाव 1931 ला आलं. शिवाय 1888 च्या कायद्यात कॉर्पोरेशन, स्थायी समिती आणि कमिशनर अशी तीन वेगवेगळी अधिकारस्थानं होती. अंमलबजावणी कमिशनरकडे आणि कमिशनर सरकारने नेमलेला. अध्यक्षाने सभा चालवायची. त्यांचं मोठेपण त्या खुर्चीत शोधू नका.

नगरी
घोषणेचा प्रश्न असा टाळता येणार नाही. मे-जून 1916 मध्ये टिळकांनी एक भाषण बेळगावला आणि दोन नगरला केली. त्यावरूनच सरकारने त्यांच्याकडे 20 हजारांचा जातमुचलका (चांगल्या वागणुकीची लेखी हमी) आणि 10-10 हजारांचे दोन जामीन मागितले. भाषणांच्या नोंदी कोर्टात गेल्या, वाक्यावाक्यावर खल झाला. स्वराज्याची मागणी टिळकांच्या तोंडची आहे हे तिथे नोंदलेलंच आहे. ते शब्द बॅप्टिस्टांनी दिले असं म्हणणाऱ्याने 1916 च्या आधीचा कागद दाखवावा. आणि गोव्याहून आलेल्या घराण्यातला माणूस टिळकांबरोबर उभा राहिला हेच पुरेसं मोठं आहे, त्याला उसनं वाक्य कशाला जोडता?

वसईची पोर
गोव्याहून आलेलं घराणं? इथेच सगळं कळलं! काका ईस्ट इंडियन होते. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी, वसई, ठाण्याचे मूळ रहिवासी, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले कोळी, कुणबी, भंडारी. घरात बोलतात ती मराठीच. 1887 ला व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीत 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, तेच मुळी गोव्याहून नोकरीला येणाऱ्यांपासून आपण वेगळे, कंपनी सरकारची सगळ्यात जुनी प्रजा आपण, हे सांगायला. ख्रिस्ती दिसला की गोव्याचा, ही सवय सोडा. घोषणेचा कागद मागता, आणि माणसाचं गाव ठरवताना मात्र कागद लागत नाही?

नगरी
गोव्याबद्दल चुकलो, मान्य. कागदाची मागणी मात्र मागे घेत नाही.

वसईची पोर
दोन मित्रांच्या गप्पांत निघालेल्या वाक्याचा कागद कुठून येणार?

माझगावकर
मग ते 'असेल' म्हणा, 'आहे' म्हणू नका. एवढंच माझं म्हणणं. 1887 चा मुद्दा मात्र फार महत्त्वाचा आहे. जो समाज राणीशी निष्ठा सांगून नाव घेतो, त्याच समाजातला माणूस 30 वर्षांच्या आत होमरूल लीगच्या अध्यक्षपदी बसतो. ही उडी केवढी आहे ते बघा.

कलम 124अ
आणि 'होमरूल' हे नावच बघा. 'स्वराज्य' शब्दाला 1908 पासून राजद्रोहाचा वास होता. होमरूल हा आयर्लंडचा, ब्रिटिश पार्लमेंटात उघड चर्चिला गेलेला शब्द. 124अ म्हणजे दंडसंहितेतलं राजद्रोहाचं कलम. त्याच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं होतं की द्वेष न पसरवता सरकारच्या धोरणावर कायदेशीर मार्गाने बदलासाठी टीका केली तर गुन्हा नाही. होमरूलची मागणी त्या चौकटीत बसत होती. नोव्हेंबर 1916 मध्ये जीनांनी हायकोर्टात टिळकांचा मुचलका रद्द करून घेतला तो याच पायावर. आयर्लंडच्या चळवळीचा बॅप्टिस्टांवर मोठा प्रभाव होता. त्यांचा ठसा शोधायचा तर तो इथे आहे.

नगरी
पण 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांचे वकील बॅप्टिस्टाच होते ना? मग सहा वर्षं काळं पाणी झालंच की.

कलम 124अ
हे वाक्य दरवेळी येतं आणि दरवेळी चीड येते. खटला टिळकांनी स्वतः चालवला. जामिनाचा अर्ज जीनांनी केला, न्या. दावर यांनी फेटाळला. याच दावरांनी वकील असताना 1897 ला टिळकांना जामीन मिळवून दिला होता. बॅप्टिस्टा उभे राहिले ते स्पेशल ज्युरीच्या अर्जाला विरोध करायला, आणि सगळा निकाल तिथेच फिरला. स्पेशल ज्युरी म्हणजे बहुतेक युरोपियन. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे केसरीतले अग्रलेख मराठी, ज्युरीला मराठी येत नाही, म्हणजे माणूस लेखावर नव्हे तर सरकारी भाषांतरावर दोषी ठरणार. हरकत टिकली नाही. ज्युरीत 7 युरोपियन आणि 2 पारशी बसले, निकाल 7 विरुद्ध 2. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, शब्दाशब्दाचा अर्थ काढला, 21 तासांवर बोलले, पण ऐकणाऱ्यांना मूळ शब्दच कळत नव्हता.

दुसरी गोम. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रियेत आरोपीने पुरावा दिला नाही तर शेवटचं बोलणं आरोपीचं. पुरावा दिला की सरकारी वकिलाला उत्तराचा हक्क. टिळकांनी वृत्तपत्रांचे अंक दाखल केले आणि शेवटचं भाषण अ‍ॅडव्होकेट जनरल ब्रॅन्सनचं झालं. वकिलावर खापर फोडण्याआधी एवढं वाचा.

नगरी
ज्युरीचं माहीत नव्हतं. तेवढ्यापुरतं मागे घेतो.

गिरणीचा भोंगा
सगळे टिळकांभोवतीच फिरताय. आयटक का निघाली? जागतिक कामगार परिषदेला हिंदुस्थानी कामगारांचा प्रतिनिधी पाठवायचा, तर त्याचं नाव सुचवायला देशपातळीवरची संघटना हवी. म्हणून 31 ऑक्टोबर 1920 ला मुंबईत अधिवेशन, अध्यक्ष लाला लजपतराय, उपाध्यक्ष बॅप्टिस्टा. पुढच्याच वर्षी झरियाच्या कोळसापट्ट्यात दुसरं अधिवेशन, अध्यक्ष बॅप्टिस्टा.

नगरी
कामगारांच्या संघटनेला बॅरिस्टर अध्यक्ष! कामगारांत माणसं नव्हती?

गिरणीचा भोंगा
होती, पण पुढे आला की कामावरून काढलेला. संरक्षण देणारा कायदाच नव्हता. मद्रासला बकिंगहॅम-कर्नाटिक गिरणीने कामगार नेते वाडियांच्या युनियनवर दावा लावला आणि हायकोर्टाने मनाईहुकूम दिला. पदाधिकाऱ्याचं घरदार विकायची वेळ यावी अशी परिस्थिती. ट्रेड युनियन अ‍ॅक्ट आला 1926 ला: 7 जणांनी नोंदणीचा अर्ज करायचा, निम्मे तरी पदाधिकारी प्रत्यक्ष काम करणारे हवेत. म्हणजे उरलेले निम्मे बाहेरचे चालतील हे कायद्यानेच धरलं. तोवर ज्याला गिरणीमालक काढू शकत नाही असा माणूस लागायचा. वकील हा तसा माणूस.

वसईची पोर
मग असहकाराला विरोध केला तेही सांगा. टिळक 1 ऑगस्ट 1920 ला गेले, गांधी पुढे आले, आणि काका, केळकर ही मंडळी प्रतियोगी सहकारितेवर, म्हणजे सरकार जेवढं देईल तेवढंच सहकार्य या धोरणावर, अडून बसली. काका मागे पडले ते तिथे. ख्रिस्ती असणं हे अर्धंच कारण, एवढं मी धरते. पण अर्धं आहेच.

माझगावकर
तुमचं अर्धं मान्य, माझं अर्धं तुम्ही मान्य केलंत. आता त्या मजकुराखाली होमरूल लीग, स्पेशल ज्युरी आणि झरिया या तीन ओळी कोणीतरी घाला. मी माझ्याकडून आजच घालतो.

नगरी
घाला. घोषणेपुढे 'म्हणतात' हा शब्दही घाला.