शब्दचर्चा: पेशीमृत्यूतल्या विकरांचं 'नियमन' की 'नियंत्रण'?

कृष्णाकाठ (सांगली): बीएस्सीच्या मुलांसाठी अ‍ॅपॉप्टोसिसची टिपणं मराठीत काढतेय. 'प्रोग्राम्ड सेल डेथ'ला पूर्वनियोजित पेशीमृत्यू जमून जातं. गाडी अडलीय ती 'सिग्नलिंग एन्झाइम' आणि त्यांच्या 'रेग्युलेशन'वर. संदेशवाहक विकर लिहू का? आणि पुढे नियमन की नियंत्रण?

वाईकर: संदेशवाहक नको, तो शब्द आरएनएने कधीच अडवून ठेवलाय. 'संदेशन विकर' करा. विकर की एंझाइम, हा वाद आमच्या वाईला नवा नाही. इथे तयार झालेल्या विश्वकोशात एंझाइम आहे, शाळेच्या पुस्तकांत विकर. कुठलाही घ्या, पण एका टिपणात एकच.
बाकी अ‍ॅपॉप्टोसिस हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ पानं किंवा पाकळ्या गळणं. केर, वायली आणि करी यांनी 1972 साली तो पेशींसाठी वापरला. मग सरळ 'पेशीगळ' का नको?

माणदेशी: पेशीगळ म्हटलं की वर्गात कुणीतरी तेलाची बाटली काढेल. केसगळतीचा भाऊ वाटतो. राहू दे.
नियंत्रणाबद्दल मात्र बोलतो. नियंत्रण म्हटलं की बाहेर कुणी साहेब बसलाय असं वाटतं. इथे तसं नाही ना?

कृष्णाकाठ: नाही, तीच तर अडचण. रॉक-1 हे कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं विकर घ्या. त्याच्या साखळीचं शेपटाकडचं टोक दुमडून त्याच्याच कामाच्या जागेला दाबून धरतं. एरवी रो-ए नावाचं प्रथिन येऊन चिकटलं की दाब सुटतो, ते निघून गेलं की पुन्हा बसतो. पेशी मरायला लागली की कॅस्पेज-3 हे प्रथिनं कापणारं विकर ते टोकच कापून टाकतं. मग रॉक-1 कुणाला न विचारता चालूच राहतं, मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढवत जातं, पेशीचा सांगाडा आकसतो.

माणदेशी: म्हणजे रो-ए हा कासरा. ओढला की बैल थांबतो, सैल सोडला की चालतो. कॅस्पेजने वेसणच कापली. आमच्याकडे खिल्लार खोंडाची वेसण तुटली की कासऱ्याला कोण विचारतो? या दोन गोष्टींना एकच 'सक्रियन' शब्द वापरू नका. परत फिरता येणारं ते वेगळं, न येणारं वेगळं.

वाईकर: मान्य, पण कापलं म्हणजे सुटलंच असं समजू नका. एफएके नावाचं कायनेज पेशीला तिच्या जागी चिकटून राहायला मदत करतं. तेही कॅस्पेजच कापतं, आणि कापल्यावर ते निकामी होतं, पेशीची पकड जाते. कात्री तीच, परिणाम उलटा. म्हणून क्रियेला 'छेदन' म्हणा आणि छेदनाने काय झालं ते प्रत्येक वेळी वेगळं लिहा.

कृष्णाकाठ: पटलं. पण कॅस्पेजचं स्वतःचं काय? कॅस्पेज-3 आधी निष्क्रिय रूपात असतं, कॅस्पेज-9 ने छेदल्यावर जागं होतं. तरी एक्सआयएपी नावाचं अडवणारं प्रथिन त्याच्या कामाच्या जागेत अडकून बसू शकतं. मायटोकॉन्ड्रियातून स्मॅक नावाचं प्रथिन बाहेर पडलं की ते एक्सआयएपीला धरतं आणि कॅस्पेज मोकळं होतं. इथे छेदन दोनदा नाही, एकदाच.

वाईकर: मग पहिल्याला 'सक्रियन', दुसऱ्याला 'अवरोध हटणे'. आणि कॅस्पेज-9 च्या ओळीत छेदन लिहूच नका. ते अ‍ॅपॉप्टोसोमच्या, म्हणजे प्रथिनांच्या चाकासारख्या जुळणीच्या, चाकावर जोडीने एकत्र आल्यामुळे कामाला लागतं. परीक्षेत हमखास गुण जातात ते इथेच.

माणदेशी: आणि फॉस्फेटचा खेळ? एकेटी या कायनेजवर साखळीतल्या 308 आणि 473 क्रमांकाच्या जागी फॉस्फेट बसलं की ते पेशीला जगवायच्या कामाला लागतं, फॉस्फटेज या विकराने ते काढून घेतलं की थंडावतं. हा कासरा झाला. याला 'नियमन' चपखल बसतं, कारण यात दोन्ही दिशा आहेत.

कृष्णाकाठ: ठरलं तर. धड्याचं शीर्षक 'संदेशन विकरांचे नियमन', आत सक्रियन, छेदन, अवरोध अशी क्रियेनुसार फोड. नियंत्रण बाद. शेवटचं एक: रॉक-1 मुळे पेशीच्या पडद्यावर जे 'ब्लेब' येतात त्यांना काय म्हणू? फोड लिहिलं तर मुलं त्वचारोग समजतील.

माणदेशी: 'फुगवटे' लिहा. सूक्ष्मदर्शकात बघताना मुलं तेच म्हणतात.