नातवंडांना आजोबांनी दिलेले पैसे, त्यावरचं व्याज आणि टॅक्स : मदत हवी आहे

नमस्कार. सासऱ्यांनी मिरजेजवळचा त्यांचा प्लॉट विकला, त्यावरचा कॅपिटल गेनचा टॅक्स भरला आणि उरलेल्यातून दोन्ही नातवंडांना प्रत्येकी 8 लाख द्यायचं ठरवलं. मुलगी आठ वर्षांची, मुलाला सतरावं पूर्ण होऊन थोडेच दिवस झालेत. मुलीचे पैसे तिच्या खात्यात आले आणि एप्रिल 2025 च्या सुरुवातीला आम्ही तिच्या नावे 7 टक्क्यांची एफडी केली. पालक म्हणून सही माझी. दर तिमाहीला 14,000 रुपये व्याज तिच्या बचत खात्यात येतं. मुलाचे पैसे अजून सासऱ्यांकडेच आहेत.

आता अडलंय ते असं. बँकेने मुलीच्या पॅनवर वर्षाचा 5,600 रुपये टीडीएस (व्याज देतानाच कापून घेतलेला टॅक्स) कापला. काउंटरवरचे म्हणाले, 15जी (आपल्याला टॅक्स लागत नाही असं बँकेला सांगणारा फॉर्म) भरून दिला असता तर कापला नसता. नणंद म्हणते, पैसे आजोबांचे आहेत, आईवडिलांचे नाहीत, मग ते व्याज तुमच्या उत्पन्नात धरायचा प्रश्न येतोच कुठे. ऑफिसमधले एक जण म्हणतात की 50 हजारांच्या वरच्या भेटीवर टॅक्स लागतोच.

यजमान पगारदार आहेत, 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, गृहकर्जामुळे टॅक्सच्या जुन्या प्रणालीत. माझं शिकवण्यांचं उत्पन्न त्यांच्यापेक्षा बरंच कमी. सासऱ्यांनी हे पैसे मुलांच्या शिक्षणासाठी दिलेत, म्हणून सगळं नियमात बसवायचंय आणि विनाकारण काही जाऊही द्यायचं नाहीये. व्याज कुणाच्या रिटर्नमध्ये दाखवायचं? कापलेला टीडीएस कसा मिळेल? आणि मुलाचे पैसे आत्ताच त्याच्या नावावर घ्यावेत का?

प्रतिसाद

ताई, भेट आणि भेटीवरचं व्याज या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

भेटीचं म्हणाल तर आजोबा कायद्याच्या व्याख्येतले नातेवाईक आहेत. त्यांनी 8 लाख दिले काय किंवा 80 लाख, नातीला त्यावर टॅक्स नाही. 50 हजारांची मर्यादा त्या व्याख्येत न बसणाऱ्यांकडून आलेल्या पैशांना. फक्त पैसे बँकेतूनच फिरू द्या आणि सासऱ्यांच्या सहीचं साधं बक्षीसपत्र करून ठेवा.

व्याजाच्या बाबतीत मात्र नणंदबाईंचं म्हणणं टिकत नाही. 1961 च्या कायद्यातलं कलम 64(1अ) पैसे कुणी दिले हे बघतच नाही. मूल 18 वर्षांच्या आतलं असेल तर त्याचं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवायचं. मुलाने स्वतःच्या मेहनतीने किंवा कलेने कमावलेलं यातून वगळलंय, उदाहरणार्थ बालकलाकाराचं मानधन. पण त्याच मानधनाची एफडी केली की तिचं व्याज पुन्हा आईवडिलांकडे! कलम 80यू मध्ये बसणारं अपंगत्व असलेल्या मुलांना हा नियम लागू नाही.

तेव्हा तुमचे 56,000 यजमानांच्या रिटर्नमध्ये. जुन्या प्रणालीत दर मुलामागे 1,500 रुपयांची सूट मिळते, नव्या प्रणालीत तीही नाही. उरले 54,500. त्यावर सेस धरून 31.2 टक्क्यांनी 17,004 रुपये, त्यातून कापलेले 5,600 वजा.

ते 5,600 यजमानांना मिळावेत म्हणून बँकेला नियम 37बीए खालचं घोषणापत्र द्या : हे उत्पन्न वडिलांच्या नावे करपात्र आहे, कारण अमुक, त्यांचं नाव, पत्ता, पॅन हा. मग बँक टीडीएस त्यांच्या पॅनवर दाखवते. तसं झालं नाही तर रिटर्नच्या आयटीआर-2 या फॉर्ममध्ये दुसऱ्याच्या पॅनवरचा टीडीएस घेण्याची सोय आहे, आयटीआर-1 मध्ये नाही. 15जी अजिबात देऊ नका. ज्याचा एकूण टॅक्स शून्य, त्यानेच तो भरायचा. इथे उत्पन्न यजमानांचं धरलं जातंय.

मुलाच्या बाबतीत थांबा. सासऱ्यांचं बाकी उत्पन्न किती आहे?

धागाकर्ती

किती समजावून सांगितलंत! मनापासून आभार. सासरे 72 वर्षांचे, पेन्शन वर्षाला 5 लाखांच्या आत, नव्या प्रणालीत.

प्रतिसाद

मग प्रश्नच मिटला. आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या पेन्शन-व्याजासारख्या साध्या उत्पन्नावर रिबेटमुळे (टॅक्समध्येच मिळणाऱ्या सुटीमुळे) टॅक्स शून्य होतो. मुलाचे 8 लाख आजोबांच्याच नावे एफडीत राहू द्या. ज्येष्ठांना एका बँकेत वर्षाला एक लाख व्याजापर्यंत टीडीएसही नाही. नातू 18 वर्षांचा झाला की त्याला भेट द्यायची. तेव्हाही भेटीवर टॅक्स नाही आणि पुढचं व्याज त्याचं स्वतःचं, तुमच्यात मिळवायचं नाही. आजच त्याच्या नावावर घेतलेत तर अठरावा वाढदिवस येईपर्यंतचं व्याज यजमानांच्या स्लॅबला जाईल.

प्रतिसाद

वरचा सल्ला पटला, पण एक काळजी वाटते. वर्षभरात आजोबांचं काही बरंवाईट झालं तर ती एफडी वारशात जाते. नॉमिनी म्हणून नातवाचं नाव घातलं तरी नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. त्यामुळे त्यांना मृत्युपत्रात दोन ओळी लिहायला सांगा आणि नणंदेलाही त्याची कल्पना द्या. पैशांपेक्षा नंतरचा अबोला महाग पडतो.

मुलगी दहाच्या आत आहे, तर सुकन्या समृद्धी (मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचं खातं) उघडा. 8.2 टक्के व्याज, तेही करमुक्त. वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा आहे, म्हणून एफडी मोडू नका. तिमाहीचं व्याज वळवत जा आणि मुदत संपली की मुद्दल टप्प्याटप्प्याने. मात्र खातं उघडल्यापासून 21 वर्षांनी ते पूर्ण होतं. शिक्षणासाठी दहावी झाल्यावर किंवा 18 पूर्ण झाल्यावर आदल्या मार्चअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंतच काढता येतात. कॉलेजची सगळी फी त्यावर विसंबून ठेवू नका.

प्रतिसाद

याच धाग्यात विचारते. मुलाच्या मुंजीत 1,10,000 रुपये आहेर आला. लग्नातला आहेर करमुक्त असतो, तसंच हेही ना?

प्रतिसाद

नाही, ती सवलत फक्त लग्नाला, तीही ज्याचं लग्न त्याला. मुंज, बारसं, वाढदिवस त्यात येत नाहीत. पाकिटं दोन ढिगांत लावा. आजी-आजोबा, सख्खे काका-काकू, मामा-मामी, आत्या, मावशी यांची एकीकडे; ती कितीही असोत, करमुक्त. तुमचे-यजमानांचे चुलत-मामेभाऊ, मित्र, शेजारी दुसरीकडे. या दुसऱ्या ढिगाची आर्थिक वर्षातली बेरीज 50,000 पर्यंत असेल तर काही नाही. 51,000 झाली तर वरच्या हजारावर नव्हे, पूर्ण 51,000 वर टॅक्स, आणि मूल लहान असल्याने तेही तुम्हा दोघांपैकी जास्त कमावणाऱ्याच्याच रिटर्नमध्ये. आहेराची वही असेल ना? जपून ठेवा, नावांसकट.