‘पर्सनलाइज्ड इंटरव्हेन्शन’ला मराठीत काय म्हणावं?

नदीकाठ: मधुमेहींसाठीच्या एका चालण्याच्या अ‍ॅपचं संमतीपत्र मराठीत करतेय. अ‍ॅप फोनमधून पावलं, ठिकाण, झोपेच्या वेळा टिपतं आणि ज्याच्या त्याच्या दिनक्रमाप्रमाणे ‘आता दहा मिनिटं फिरून या’ असं सुचवतं. मी ‘व्यक्तिगत हस्तक्षेप’ लिहिलं. एका आजींनी ते वाचलं आणि विचारलं, “म्हणजे माझ्या खासगी गोष्टींत नाक खुपसणार का?” सही करेनात. दुसरा शब्द सुचवा.

तत्सम: ‘व्यक्तिगत’ चूक, ‘व्यक्त्यनुरूप’ हवं. ‘हस्तक्षेप’ मात्र ठेवा, रुळलेला शब्द आहे.

गिरणगाव: कुणात रुळलाय? आमच्याकडे हस्तक्षेप पोलीस करतात. सरळ ‘उपाय’ म्हणा.

तत्सम: उपाय म्हटलं की औषध आलं. इथे मुद्दाम मध्ये पडणं आहे. अमेरिकेतल्या ‘हार्टस्टेप्स’ या चालण्याच्या अ‍ॅपच्या प्रयोगात दिवसातून ५ वेळा चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं, सूचना पाठवायची की नाही. पाठवायची तर वेळ, हवा, ठिकाण बघून. मग पुढच्या ३० मिनिटांतली पावलं मोजायची. सुरुवातीला पावलं वाढली, पण पुढे सूचनांचा असर ओसरत गेला. याला उपाय कसं म्हणणार?

आजोळ: ओसरणारच हो! माझे वडील रात्रपाळीला. दुपारी १२ वाजता ते गाढ झोपेत, आणि मनगटावरचं घड्याळ ‘बराच वेळ बसून आहात, उठा’ म्हणून थरथरतंय. आई त्याला ‘टोचणी’ म्हणायची. माणूस कधी झोपतो हेच ठाऊक नाही, तर व्यक्त्यनुरूप कसलं?

सुईदोरा: ‘बेतलेलं’ म्हणा की! ब्लाउज मापावर बेततात, तशा ‘तुमच्या दिनक्रमावर बेतलेल्या सूचना’. आजींना लगेच कळेल.

गिरणगाव: आजारी माणसाला ‘बेतलेलं’ वाचायला द्यायचं? जिवावर बेतलं हेच आधी आठवणार.

सुईदोरा: दिनक्रमावर म्हटलंय, जिवावर नाही. सिनेमा सत्य घटनेवर बेतलेला असतो तेव्हा घाबरता का?

तत्सम: तिथेही ‘आधारित’च योग्य.

नदीकाठ: सुईदोरा, तुमचा शब्द आवडला. पण आजींना आणखी एक हवं होतं: मी कुठे जाते हे कोण बघणार? ते पत्रात स्वच्छ लिहायलाच हवं. २०२३च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचता येण्याची तरतूद आहे, मराठी त्यात आलीच.

आजोळ: ‘विदा’ नको हो! आमच्या नागपुरात विदा म्हणजे मुलीची पाठवणी. ‘माहिती’ काय वाईट आहे?

तत्सम: माहिती म्हणजे इन्फर्मेशन. डेटा वेगळा. ‘विदा’ विद् धातूवरून आलाय.

गिरणगाव: धातू असू दे. तो विदा, ती विदा की ते विदा, एवढं आधी सांगा.

सुईदोरा: मी ‘ती’ वाचलंय.

तत्सम: मी ‘तो’.