शहरातल्या सरकारी जागांची अख्खी यादी खुली असावी का? (बेळगाव)

अनगोळनाका (धागा)

बेळगावात जागेबद्दल काही विचारायला गेलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "सर्व्हे नंबर सांगा." नंबर हातात असेल तर बरंच काही मिळतं. सरकारच्या 'भूमी' पोर्टलवर पहाणी उतारा निघतो, दिशांक ॲप उघडून शेतात उभं राहिलं की पायाखालचा नंबर दिसतो, शहरातलं खातं ई-आस्थीवर, खेड्यातलं ई-स्वत्तूवर, खरेदीपत्राचं काम 'कावेरी' पोर्टलवर. कर्नाटकाने उतारे संगणकावर आणले ते २००० च्या सुमारास, बऱ्याच राज्यांच्या आधी. सीमाप्रश्नावर आपलं मत काही असो, हे मान्य करायला हरकत नाही.

पण हे सगळं एकेका नंबराचं झालं. प्रश्न उलटा विचारून बघा. माझ्या वॉर्डात सार्वजनिक मालकीच्या जागा कुठल्या? त्यातल्या भाड्याने कुणाला, किती वर्षांसाठी, काय दराने? गेल्या दहा वर्षांत शेतीच्या पट्ट्यातून निवासी पट्ट्यात कुठले सर्व्हे नंबर गेले? याचं उत्तर एका जागी, एका तक्त्यात, कुणालाही उतरवून घेता येईल असं हवं. खासगी मालकांची नावं मला नकोत. नकाशावरचा रंग (म्हणजे पट्टा कुठला), क्षेत्रफळ, सार्वजनिक जागा कुठल्या खात्याची आणि वापर बदलला असेल तर कुठल्या आदेशाने, एवढंच.

हा विषय डोक्यात बसला तो आमच्या लेआउटमुळे. मंजूर स्केचमध्ये एक बाग आणि एक सीए साइट, म्हणजे शाळा-दवाखाना असल्या सोयींसाठी राखलेली जागा, दाखवली आहे. आमच्याकडे आहे ती झेरॉक्सची झेरॉक्स, आणि कागदाची घडी नेमकी त्या जागेच्या नंबरावरून गेलेली. तिथे आधी पत्र्याची शेड आली, मग विजेचा मीटर लागला, आता "खासगी मालमत्ता" असा रंगवलेला बोर्ड आहे. ज्या कचेरीत विचारलं तिथे उत्तर एकच, "फाईल बघावी लागेल." ती फाईल कुणी बघितल्याचं आजवर कळलेलं नाही.

कायदा नाही असंही नाही. कर्नाटकात उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागांसाठी १९८५ चा कायदा आहे. त्यात अशा जागांची यादी करून ती प्रसिद्ध करायची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. माहिती अधिकाराचं कलम ४ तर कुणी अर्ज करायच्या आधीच माहिती मांडा म्हणतं. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस स्मार्ट शहरांत आपलं नाव आलं तेव्हा किती फटाके वाजले होते! मग ही यादी कुठे आहे?

बाहेरचं एक उदाहरण देतो. न्यूयॉर्कच्या नियोजन खात्याकडे शहरातल्या प्रत्येक भूखंडाचा तक्ता आहे: वापर, झोन, क्षेत्रफळ, मालक. आधी त्याला पैसे मोजावे लागत, २०१३ पासून तो फुकट आहे. ब्रुकलिनमधल्या काही लोकांनी २०११ च्या सुमारास शहराच्याच माहितीवरून सार्वजनिक मालकीच्या रिकाम्या जागा काढल्या. बेरीज आली ५९६ एकर, म्हणून गटाचं नावच तसं पडलं. त्या जागांच्या कुंपणांवर त्यांनी पाट्या लावल्या: ही जमीन तुमच्या शहराची आहे, अमुक खात्याची आहे, विचारायचं असेल तर इथे विचारा. त्यातल्या काही ठिकाणी शेजाऱ्यांनी मिळून बागा केल्या. आपल्याकडे असं का होऊ नये? हे मागणारं निवेदन द्यायचा विचार आहे, विरोधी मतं असतील तर जरूर मांडा.

येळ्ळूर शिवार

दादा, यादी कुणाच्या उपयोगाची ते आधी सांगा. तुम्ही शहरातले, तुम्हाला बाग दिसते. आम्हाला एजंट दिसतो.

येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ या पट्ट्यातलं भाताचं शिवार बघितलंय काय कधी? बळ्ळारी नाल्याला पाणी आलं की अर्धं बुडतं, तरी बेळगाव बासमतीचं नाव या मातीनंच केलंय. हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमीन जाते म्हणून लोक रस्त्यावर आले, कोर्टात गेले, काम पुन्हा पुन्हा अडलं. अशा ठिकाणी तुम्ही सगळे पट्टे रंगवून एका तक्त्यात टाकणार. मग काय होणार? कुठला हिरवा (शेतीचा) पट्टा पिवळ्याला (निवासीला) लागून आहे ते बंगळूरात बसलेला माणूस चाळणी लावून एका दुपारात काढणार.

त्यांची पद्धत सांगतो. एका उताऱ्यावर सात नावं असतात. दोघं भाऊ कधीचे मुंबईला गेले, एक बहीण चंदगडला दिलेली, एक कर्जात. एजंट शेत कसणाऱ्याकडे येतच नाही. तो कर्जातल्याला गाठतो, त्याचा अविभक्त हिस्सा लिहून घेतो आणि वाटणीचा दावा लावतो. पुढची दहा वर्षं कसणारा कोर्टाच्या पायऱ्यांवर. आता हे करायला त्याला गावात फिरावं लागतं, चहा पाजावा लागतो. ते कष्टही तुम्ही वाचवून देणार.

मी मनचं सांगत नाही. तुम्ही ज्या भूमी प्रकल्पाचं कौतुक केलंत त्यावर २००७ साली संशोधक सॉलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी बंगळूर भागात अभ्यास केला होता. निष्कर्ष असा की उतारे एका जागी आल्यावर फायदा मोठ्या जमीनदलालांचा आणि कंपन्यांचा झाला, आणि लाचही कमी झाली नाही. आहे त्यावर उत्तर?

खडेबाजार

येळ्ळूरकर, शंभर टक्के सहमत.

आणि यादी कुठल्या भाषेत येणार? पंधरा टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेतही द्यायचे, हे केंद्र आणि मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर १९५६ आणि १९६१ मध्ये ठरलंय. बेळगाव तालुक्यात आम्ही पंधरा टक्के आहोत की किती, हे शेंबडं पोरही सांगेल. आधी मराठीत कागद द्या, मग तुमचे तक्ते.

अनगोळनाका

@येळ्ळूर शिवार, बेंजामिन यांचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळणार नाही. पण त्यात घडलं काय ते बघा. एकेक उतारा मालकाच्या नावासकट खुला झाला, आणि पट्टा कुठला, बदलाचा अर्ज कुणाचा, मंजुरी कुणाची, हे कचेरीतच राहिलं. दलालाला हवी ती निम्मी माहिती बाहेर आली आणि त्याच्यावर नजर ठेवायला लागते ती निम्मी आत. मी दुसरी निम्मी मागतोय. तुमच्या उताऱ्यावरची सात नावं आजही कुणीही वाचू शकतो. माझ्या तक्त्यात ती नाहीतच.

जमीन वापर बदलायचा असेल तर नगररचना कायद्याच्या कलम १४-अ खाली वर्तमानपत्रात जाहिरात देऊन हरकती मागवायच्या असतात. ती जाहिरात तुम्ही कधी वाचली आहे? मार्कशीट हरवल्याच्या आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या मध्ये, दोन बोटं रुंद. त्यात रि. स. नं. (म्हणजे सर्व्हे नंबर) आणि गावाचं नाव. शेजारच्या शेतकऱ्याला कळतं तेव्हा जेसीबी आलेला असतो.

@खडेबाजार, मराठीची मागणी रास्त आहे, मी स्वतः त्यासाठी सह्या केल्यात. पण त्यासाठी हे अडवून धरायचं कारण नाही. तक्त्यात आकडे, नंबर आणि दहा-बारा मथळे असतात. ते मथळे मराठीत करायला आपल्यातला कॉलेजचा पोरगाही पुरेल, तक्ता हातात आला तर.

खडेबाजार

म्हणजे सरकारने करायचं काम पुन्हा आपणच करायचं. सत्तर वर्षं हेच चाललंय.

निवृत्त मोजणीदार

दोन्ही बाजू वाचल्या. तुम्ही एक तक्ता म्हणता तो करायचा कशावरून, ते कुणी विचारलं नाही.

बेळगावात जमिनीला एक नंबर नसतो. जुन्या शहरात सिटी सर्व्हेचा सीटीएस नंबर. बाहेर रि. स. नं. आणि त्याचे पोटहिस्से. महापालिकेच्या करआकारणीचा नंबर वेगळा, बुडाच्या (नगरविकास प्राधिकरणाच्या) लेआउटचा प्लॉट नंबर वेगळा, ग्रामपंचायतीचा मिळकत नंबर आणखी वेगळा. एकाच घराला यातले तीन असू शकतात, आणि तिन्हींत क्षेत्रफळ सारखं येईल याची खात्री नाही.

मूळ मोजणी साखळी आणि शंकूची. आकारबंदात (क्षेत्र आणि साऱ्याच्या नोंदवहीत) क्षेत्र एक असतं, टिपणावरून (मोजणीच्या कच्च्या नकाशावरून) काढलं तर गुंठा-दोन गुंठ्यांचा फरक पडतो. शिवारात कुणी भांडत नव्हतं, बांध चालत होता. आता गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक घर. पोटहिस्से कागदावर पडले आणि जागेवर मोजलेच नाहीत, अशी प्रकरणं माझ्या हातून कितीतरी गेली. काही घरांतले जुने कागद मोडीत आहेत, आणि ते वाचणारे आता मोजकेच उरले.

असा माल नकाशावर रंग भरून टाकलात की लोक तो देवाची रेघ मानतात. स्क्रीनवरची रेघ माझ्या भिंतीच्या आत दाखवते म्हणून शेजाऱ्याने फिर्याद केल्याचं मी बघितलंय. ती रेघ उपग्रहाच्या चित्रावर अंदाजे बसवलेली होती. खुला करण्याआधी दुरुस्त करा, हे माझं मत.

मार्कंडेय

काका, मान ठेवून विचारतो: दुरुस्त होईपर्यंत थांबायचं म्हणजे कधीपर्यंत? चुका आतल्या आत राहिल्या तर त्या सापडणार कुणाला? आमच्या कडोलीकडे गायरानाचा तुकडा कागदावर एका नंबरात आणि जागेवर दुसरीकडे, हे गुराख्यांना माहीत आहे. त्यांना कुणी कधी विचारलं?

आणि खासगी जमिनीला हातच लावू नका. अनगोळनाक्यांची मागणी मुळात सार्वजनिक जागांची आहे. सरकारी शाळेचं मैदान, तळ्याची हद्द, मनपाचे गाळे, सीए साइट. यांचे पोटहिस्से नाहीत आणि वारस भांडत नाहीत. तिथून सुरू करायला मोजणीची अडचण किती येणार?

निवृत्त मोजणीदार

तळ्याच्या हद्दीलाच सगळ्यात जास्त येते. बाकी मान्य.

कॅम्पातली

कॅम्पची गोष्ट कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते. कॅन्टोन्मेंटची जमीन संरक्षण खात्याची. तिचं रजिस्टर वेगळं, जीएलआर (जनरल लँड रजिस्टर) म्हणतात त्याला. महापालिकेने उद्या कितीही सुंदर नकाशा केला तरी शहराच्या मधोमध एक पांढरा डाग राहील. नागरी भाग महापालिकेत घेण्याच्या चर्चा होतात, तेव्हा तर कुठली जागा कुणाकडे जाणार हे आधी कळायला हवं. त्यामुळे सार्वजनिक जागांच्या यादीला माझा पाठिंबा.

पण रिकाम्या खासगी प्लॉटांची माहिती अशी चाळता येईल अशी देऊ नका, नावं काढली तरी. आमच्या घरात फौजी आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या गावात कितीतरी जणांनी फंडाच्या पैशातून हिंडलगा, कंग्राळीकडे प्लॉट घेऊन ठेवलेत. माणूस सीमेवर, बायको-मुलं दुसऱ्या गावात, प्लॉटवर गवत. "रिकामा" असा एक रकाना आला की खोटं मुखत्यारपत्र करणाऱ्यांना आयती यादी मिळाली. पुण्यात स्थायिक झालेल्यांचंही तेच. नंबर कळला की नाव शोधणं अवघड नाही, हे वर तुम्हीच लिहिलंय.

अनगोळनाका

कॅम्पातली ताई, "रिकामा" हा रकाना फक्त सार्वजनिक जागांना ठेवू. हे मला सुचलं नव्हतं.

खडेबाजार

अर्ज करून बघा म्हणावं. कर्नाटकात माहिती अधिकाराचा अर्ज दीडशे शब्दांत, एका अर्जात एकच विषय. आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) असं बदललंय की "खासगी माहिती" म्हणून काहीही नाकारायला वाट मोकळी. गाळा कुणाला भाड्याने दिलाय विचारलं तर तेही खासगी म्हणतील.

मार्कंडेय

म्हणतील ना. म्हणूनच एकेकाने अर्ज करत बसण्यापेक्षा यादी आपणहून लावायला भाग पाडायचं. सार्वजनिक मालमत्ता भाड्याने घेणाऱ्याचं नाव आणि दर खासगी कसा? कराराचा एक पक्ष आपण आहोत. अठ्ठावन्न नगरसेवक आहेत, त्यातल्या एकाने सर्वसाधारण सभेत विषय मांडावा. कुठल्या भाषेत मांडला तरी चालेल.

खडेबाजार

चालेल कसं? सभेत मराठीत बोललं की काय होतं ते बघितलं नाही काय तुम्ही?

येळ्ळूर शिवार

तुमचं चालू दे. माझं एवढंच राहिलंय.

सार्वजनिक जागांची यादी करा, माझी ना नाही. आमच्या गावच्या गायरानाचीही करा, कुणी कुणी खाल्लंय ते दिसू दे. पण पट्ट्यांचा रंगीत नकाशा आणि वापरबदलाची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही एकत्र बांधूलालाय. नकाशाचा फायदा घेणाऱ्याला. यादीचा फायदा आम्हाला, तीही वेळेवर आली तर. मंजुरीनंतर टाकली तर तेराव्याचं आमंत्रण. अर्ज दाखल झाला त्याच दिवशी लागली पाहिजे, गाव आणि सर्व्हे नंबरासह, आणि चारी बाजूंच्या लगतच्या नंबरवाल्यांच्या मोबाईलवर गेली पाहिजे. गावच्या चावडीवर कागदही लागला पाहिजे, आमच्यात ॲप बघणारे थोडे.

अनगोळनाका

लगतच्या नंबरवाल्यांना कळवायचं म्हणजे मालकांची नावं आणि मोबाईल प्रणालीत घ्यावे लागतील, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न.

येळ्ळूर शिवार

प्रणालीत असू दे की. तक्त्यात नको. आणि मंजूर पट्ट्यांचा नकाशा तसाही कचेरीत विकत मिळतो, तो फुकट करायच्या आधी बदलाच्या अर्जांची यादी लावून दाखवा. तोवर तुमच्या निवेदनावर माझी सही नाही.

निवृत्त मोजणीदार

निवेदन लिहिणार असाल तर रकाने मी घालून देतो. रि. स. नं. आणि सीटीएस वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा, नाहीतर पहिल्याच पानावर परत येईल.